ताउनोच्या दुर्बिणीतलं धुकं

ताउनो म्हातारा बंदुकीची दुर्बीण परत घेऊन आला, तेव्हा तुइया काउंटरमागे बसून शिकारी कुत्र्यांच्या गळपट्ट्यांत बॅटऱ्या घालत होती. मूसच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, दुकानात मान वर करायला फुरसत नाही, आणि हा बाबा दुसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन दारात उभा. टोपी काढली नाही, हवापाण्याचं काही बोलला नाही. कोटाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली दुर्बीण काढली आणि काउंटरच्या काचेवर अलगद ठेवली.

"हिच्यातही धुकं आहे," तो म्हणाला.

तुइयाने दुर्बीण उचलून खिडकीकडे धरली. काच अशी लख्ख, की तळ्यापलीकडच्या पाइनवर बसलेल्या कावळ्याची चोचसुद्धा दिसत होती. धुकं औषधालाही नव्हतं. तिने पुढचं भिंग पुसलं, मागचं पुसलं, आणि पुन्हा खिडकीकडे धरून पाहिलं. उन्हाळ्यात त्याने पहिली दुर्बीण परत केली तेव्हा तिला वाटलं होतं, आत दमट हवा गेली असेल. असं होतं कधीकधी. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन दुर्बिणींत एकसारखं धुकं कसं शिरेल?

लेहतोवारा हे गाव म्हणजे एक तळं, एक चर्च, एक पेट्रोलपंप आणि पंपाला लागून तुइयाचं दुकान. दुकान तिच्या बापाचं. बाप गेल्यावर लोक म्हणाले, आता ही पोरगी फार तर गळ आणि रबरी बूट विकेल. पण काइनूच्या त्या सगळ्या टापूत बंदुकीवर दुर्बीण बसवायची तर तुइयाच्याच हातून, असं पुढे झालं. तिची जीभ तिखट होती. हेलसिंकीहून कोणी हौशी पोरगा आला आणि वीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण मागू लागला, की ती विचारायची, "कशाला? मूसच्या पापण्या मोजायच्यात?" मग त्याला समजावून सांगायची, की आपलं जंगल दाट, जनावर दिसतं ते शंभर पावलांवर, आणि मूस म्हणजे घोड्याहून उंच, तंगड्याच तंगड्या असलेलं हरीण. एवढ्या जवळून एवढं जनावर वीसपटीत पाहिलंस तर तुला नुसते तपकिरी केस दिसतील; ते मानेचे की ढुंगणाचे ते देवाला ठाऊक. कमी पटीची घे, रुंद दाखवणारी घे, आणि दोन्ही डोळे उघडे ठेव. पोरगा हिरमुसायचा, पण तीच घेऊन जायचा.

ताउनोशी मात्र तिला असं बोलता यायचं नाही. तो तिच्या नवऱ्याचा, इल्पोचा, चुलता. इल्पोचा बाप लवकर गेला, तेव्हा इल्पोला बंदूक धरायला, जंगलात गप्प बसायला, मेलेल्या जनावरापुढे टोपी काढायला याच म्हाताऱ्याने शिकवलं. नुसतं इल्पोला नाही, शिकारीच्या टोळीतल्या निम्म्या लोकांना. नेमबाजीची परीक्षा गावाच्या चांदमारीवर तोच घ्यायचा. लाकडी मूसच्या छातीवरच्या वर्तुळात ज्याच्या गोळ्या लागत नाहीत त्याला तो घरी पाठवायचा, मग तो सरपंच असो नाहीतर पाद्री. या ऑगस्टमध्ये त्याने स्वतः परीक्षा दिली आणि सगळ्या गोळ्या वर्तुळात घातल्या. टोळीतले लोक माना डोलावून म्हणाले, म्हाताऱ्याचा डोळा अजून शाबूत आहे बरं का.

आता तुइयाला कळत होतं, की तो लाकडी मूस त्याने स्वतःच तिथे ठोकलेला होता. तो कुठे उभा आहे, त्याची छाती किती उंचीवर आहे, हे म्हाताऱ्याच्या खांद्याला पाठ होतं. तिथे डोळ्यांची गरजच काय?

तिने तरी खात्री करायची ठरवली. उगाच एखाद्यावर आळ नको. दुकानातली सगळ्यात महाग दुर्बीण तिने कपाटातून काढली, पुढचं भिंग चहाच्या बशीएवढं, अंधुक उजेडही खेचून घेणारं. ती म्हाताऱ्याच्या हातात दिली, त्याला दारात नेलं आणि म्हणाली, "काका, यातून जुन्या दूधसंघाच्या घड्याळाकडे बघा बरं. किती वाजलेत?"

दूधसंघाची इमारत तळ्यापलीकडे होती. तिच्या भिंतीवरचं ते मोठं घड्याळ साऱ्या गावाला वेळ दाखवायचं. ताउनोने दुर्बीण डोळ्याला लावली. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "सव्वाअकरा. ही चांगली आहे हं, तुइया. हिच्यात दिसतं."

सव्वाअकराच वाजले होते. पण घड्याळाचे दोन्ही काटे रंगवायला म्हणून सकाळीच उतरवलेले होते. भिंतीवर नुसती पांढरी तबकडी होती, कोरी.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना तिथल्या तिथे! काका, धुकं काचेत नाही, तुमच्या डोळ्यांत आहे, मोतीबिंदू असेल, काजानीच्या इस्पितळात अर्ध्या दिवसाचं काम. एवढंच तर बोलायचं होतं. अहो, पण तुम्ही त्या गावात राहिलेला नाही. तिथे शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी माणूस आधी दार वाजवून, जरा थांबून, मग सांगेल. मोठ्या माणसाला त्याने न विचारलेली गोष्ट सांगायची नाही, हा तिथला रिवाज, आणि तो सगळे इतक्या इमानाने पाळतात की पाळतोय हेही त्यांच्या ध्यानात राहत नाही. तुइयाने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. आणि बाहेर पडलं ते भलतंच. ती म्हणाली, "हो, ही उजेड जास्त घेते. हीच घ्या."

ताउनोने ती घेतली. शिवाय कानांवर लावायची ती यंत्रं घेतली, ज्यांच्यातून बारीकसारीक आवाज मोठा ऐकू येतो आणि बंदुकीचा बार मात्र दबून येतो. दुकानातच ती कानांवर चढवून तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग हसून म्हणाला, की पलीकडच्या खोलीत तुझा फ्रीज गुरगुरतोय आणि तुझ्या खिशात किल्ल्या आहेत. कित्येक महिन्यांनी तो इतका खूश दिसला. तो गेल्यावर तुइया स्टुलावर बसली आणि स्वतःला तिने मनसोक्त शिव्या दिल्या.

संध्याकाळी तिने इल्पोला घड्याळाची गोष्ट सांगितली. इल्पो चुलीजवळ बसून रेमूच्या पंजातले काटे काढत होता. रेमू त्याचा करडा कुत्रा, मूस हुडकून त्याला भुंकून भुंकून जागच्या जागी रोखून धरणारा. टोळीचा कुत्रेवाला इल्पोच. म्हणजे बाकीचे आपापल्या ठाण्यावर बंदुका घेऊन बसणार, आणि हा एकटा कुत्र्यामागून त्या सगळ्या बंदुकांच्या मधून चालणार. तुइयाचा जीव टांगणीला लागला होता तो यासाठी. म्हातारा कितीही आपला असला, तरी त्याच्या धुक्यात हलणारी कुठलीही सावली तिच्या नवऱ्याची असू शकत होती.

इल्पोने आणखी एक काटा उपटून चुलीत टाकला. मग म्हणाला, की हे टोळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"सगळ्यांना? मग कोणी बोललं का नाही?"

"तू बोललीस?"

इल्पोने सांगितलं, की टोळीचा म्होरक्या यूर्की याने तोड काढलीय. ताउनोकाकाला यंदा कातळाच्या ठाण्यावर बसवायचं. तिथे आजवर कधी मूस आलेला नाही. समोर उघडा कातळ, त्याच्यापलीकडे वाळूची उभी टेकडी, डावीकडे दलदल. हाका उजव्या अंगाने ओढ्यापाशी संपतो, त्यामुळे तिकडे माणूस फिरकण्याचा प्रश्नच नाही. म्हातारा दिवसभर बसेल, डब्यातली कॉफी पिईल, शेकोटीवर सॉसेज भाजून खाईल आणि घरी जाईल. पुढच्या वर्षी बघू.

"आणि त्याला कळलं, की आपल्याला मेल्या जागी बसवलंय, तर?"

"कळेलच. तोही काही बोलणार नाही," इल्पो म्हणाला, आणि आपल्याच बोलण्यावर हसला. मग हसू आवरून त्याने एवढंच म्हटलं, की बापाची बंदूक कायमची भिंतीला लागली त्याच हिवाळ्यात बाप गेला, हे मी पाहिलंय; काकाला बंदूक टांगायला सांगणारा मी नव्हे.

हंगाम शनिवारी उघडणार होता. शुक्रवारी दुपारी ताउनो पुन्हा दुकानात आला, या वेळी अख्खी बंदूक घेऊन. नवी दुर्बीण वर बसवलेली. ती तुइयानेच बसवली होती आणि त्याने चांदमारीवर जाऊन तिचा नेमही जुळवून घेतला होता. "उद्यासाठी एकदा काचा पूस," तो म्हणाला. "आज सकाळपासून जरा… दमट हवा आहे." ती म्हणाली, ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा. तिने गंमत म्हणून विचारलं, की पुसल्यावर एखादी गोळी झाडून बघणार का. म्हातारा दुखावल्यासारखा झाला. हंगामाच्या आदल्या दिवशी गावात कोणी बार काढत नाही, मूस सावध होतो. हे काय तिला सांगायला हवं? "आणि तुझा हात लागल्यावर कशाला तपासायचं, पोरी?" असं म्हणून तो गेला.

तुइयाने दुकानाला आतून कडी घातली.

दुर्बिणीच्या नळीवर दोन छोट्या टोप्या असतात. एकीच्या खाली उंचीचा स्क्रू, दुसरीच्या खाली डाव्या-उजव्या बाजूचा. स्क्रू फिरवला की टिक, टिक असा बारीक आवाज येतो. प्रत्येक टिकेला नेम केसभर सरकतो. फुली जिथे दिसते तिथेच दिसत राहते, पण गोळी जाते दुसरीकडे. तुइयाने बंदूक शेगड्याच्या लोखंडी जबड्यात घट्ट बसवली आणि हिशेब करू लागली, अगदी थंड डोक्याने, बापाने शिकवला होता तसा. गोळी खाली घालावी, तर समोर कातळ. उसळून कुठे जाईल त्याचा नेम नाही. वर घालावी, तर टेकडीवरून पार रस्त्यापर्यंत जाईल. उजवीकडे ओढा, म्हणजे हाक्याचा शेवट, म्हणजे माणसं. डावीकडे दलदल. दलदलीत कोण जातं? गुडघाभर चिखलात रेमूसुद्धा जात नाही.

तिने दुसरी टोपी काढली आणि स्क्रू डावीकडे फिरवत गेली, पार अडेपर्यंत. एवढं फिरवल्यावर शंभर पावलांवर गोळी हातभराहून जास्त बाजूला जाणार होती. मूस आडवा उभा असता तर तरीही लागली असती कुठेतरी. पण तिला मूसची फिकीर नव्हती. ती माणसाची रुंदी धरून हिशेब करत होती. म्हाताऱ्याने धुक्यात कुणावरही बंदूक रोखली, तरी तो माणूस वाचला पाहिजे. टोपी परत लावली. मग काचा पुसल्या, खरंच मन लावून पुसल्या. तिला फार हायसं वाटलं. कोणाला दुखवावं लागलं नाही, कोणाला काही सांगावं लागलं नाही, आणि इल्पो सुरक्षित झाला. संध्याकाळी ताउनो आला, बंदूक घेऊन गेला, आणि जाताना तिच्या खांद्यावर थोपटून गेला.

तिने इल्पोलाही सांगितलं नाही. त्याने हसून घालवलं असतं, नाहीतर भडकला असता. भडकलाच असता. दुसऱ्याच्या बंदुकीचा नेम त्याला न सांगता हलवणं, याच्याहून मोठं पाप त्या टापूत नाही.

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इतकी पडत नाही. सकाळी टोळीच्या लाकडी झोपडीवर सगळे जमले, तेव्हा बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ धरला होता आणि पायांखाली गवत करकरत होतं. भगवी जाकिटं, भगव्या टोप्या. यूर्कीने ठाणी वाटून दिली. ताउनोचं नाव आलं तेव्हा यूर्की कातळाच्या ठाण्याचं नाव जरा पटकन बोलला आणि लगेच पुढच्याकडे वळला. ताउनोने मान हलवली. त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, म्हणजे पाहिल्यासारखं केलं, आणि कानांवर ती नवी यंत्रं चढवली. कोणी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. तुइयाने तर मुळीच नाही. ती झोपडीत राहणार होती, दुपारचं मांसाचं सूप करायला. इल्पोने जाता जाता तिच्या हातातल्या गाजराचा तुकडा उचलून तोंडात टाकला, रेमूला शीळ घातली आणि गेला.

झोपडीत टेबलावर वॉकीटॉकी सुरू होता. हाका सुरू झाल्यावर कोणी फार बोलत नाही. मधूनच यूर्कीचा आवाज, मधूनच एखाद्याचं खोकणं. तुइया बटाटे सोलत होती. सूप उकळायला लागलं तेव्हा इल्पोचा आवाज आला, धापा टाकत. रेमूने मोठा नर उठवलाय. पण तो ओढ्याकडे जात नाहीये, उलटा फिरलाय, कातळाच्या अंगाला निघालाय.

तुइयाचा सोलणारा हात थांबला. मग तिने स्वतःला समजावलं. जाऊ दे. आजवर तिकडे मूस गेला नाही, आज गेला. म्हातारा झाडेल, चुकेल, गोळी दलदलीत जाईल. संध्याकाळी सगळे त्याची थट्टा करतील, तो धुक्याला शिव्या देईल. तिने पुढचा बटाटा घेतला.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. इल्पो होता. खुशीत होता. "यूर्की, ऐक. दलदल गोठलीय. मस्त टणक आहे, माणूस पेलते. वळसा घालत बसत नाही, मी मधूनच निघालोय."

चाकू तिच्या हातातून गळून पडला. तिने झेप घेऊन वॉकीटॉकी उचलला, बटण दाबलं. आणि काय बोलायचं? इल्पो, मागे फिर? का मागे फिर? ताउनोकाका, झाडू नका? सगळी टोळी ऐकत होती, म्हातारा ऐकत होता. एक सरळ वाक्य हवं होतं, फक्त एक, आणि आयुष्यभर जे वाक्य बोलायची सवयच नव्हती ते आता तिला सापडेना.

"इल्पो," ती म्हणाली, "तू…"

बार झाला. खिडकीतून ऐकू आला.

त्या गावात बार झाला की झाडणारा लगेच सांगतो, पडला किंवा चुकला. दोनपैकी एक. कोणी काही सांगितलं नाही. रेमू लांबवर भुंकत होता, एका लयीत, मूसमागे भुंकावं तसा. मग ते भुंकणं थांबलं. कुत्रा मागे फिरला असावा. थोड्या वेळाने दलदलीच्या बाजूने त्याचं रडणं ऐकू येऊ लागलं.

पुढचं यूर्कीने येऊन सांगितलं. म्हणजे त्याने नीट सांगितलंच नाही, दारात उभं राहून नुसती भगवी टोपी काढली. तुइया त्याला ढकलून बाहेर धावली. दोघातिघांनी तिला धरलं. पोलीस येईपर्यंत तिथे कोणी जायचं नाही असं फोनवर सांगितलंय, आणि तुइया, तू बघू नकोस. तिने त्यांना बोचकारलं, लाथा मारल्या. त्यांनी तिला आत आणून बाकावर बसवलं. सूप तसंच उकळत होतं, कोणीतरी ते उतरवलं.

ताउनोला त्यांनी आणून चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं. बंदुकीतला बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, काढून यूर्कीने स्वतःच्या खिशात घातला आणि बंदूक टेबलावर आडवी ठेवली. पोलीस काजानीहून निघाले होते, यायला वेळ होता. पुरुष सगळे बाहेर गेले, दलदलीच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. या दोघांसोबत एका खोलीत बसणं कोणालाच झेपलं नसतं.

म्हातारा किती तरी वेळ चुलीकडे बघत होता. कानांवरची यंत्रं काढायचीही त्याला शुद्ध नव्हती. मग तो बोलायला लागला, तिच्याकडे न बघता.

"धुकं काचेत नाही, हे मला वसंतापासून ठाऊक होतं, पोरी. त्या घड्याळाला काटे नव्हते, हेही मला मागाहून कळलं. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तूही बोलत नाहीस तर एवढं वाईट नसेल."

तुइया टेबलावरच्या बंदुकीकडे बघत होती.

"पण मूस होता. मी आधी ऐकला. मग दिसला, कातळाच्या टोकाला, दलदलीच्या कडेशी, माझ्याकडे छाती करून, मान वर. शिंगं दिसली मला. गोळी अडवायला मागे टेकडी येईपर्यंत थांबलो. डावीकडे दलदल मोकळी आहे, तिकडे कधी झाडायचं नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलंय. फुली छातीवर धरली आणि…" त्याचा आवाज फाटला. "यूर्की म्हणतो, मूस आधीच निघून गेला होता. म्हणतो, काका, तुम्ही इल्पोचं जाकीट बघितलंत. तसंच असेल. एवढं धुकं, आणि शिंगं कशी दिसतील? मी पोराकडे बघत होतो आणि मला शिंगं दिसली. पोलिसांना मी तसंच सांगणार आहे. मूस नव्हताच, म्हणून सांगणार आहे."

तुइया उठली. आता बाईचा नवरा बाहेर गारठलेल्या चिखलावर पडलेला, आणि ही काय करायला उठली असेल असं तुम्हाला वाटतं? ती टेबलाशी गेली. कोणी बघत नव्हतं. म्हाताऱ्याला तर चुलीतला जाळही धड दिसत नव्हता. पोलीस येतील, दुर्बीण तपासतील, टोपीखालचा स्क्रू पार अडेपर्यंत फिरलेला दिसेल, आणि ती कोणी बसवली हे सारं गाव सांगेल. तिची सासू, इल्पोची आई, तीसुद्धा सांगेल. ती सगळं विचार करून उठली असंही नाही. तिचे हातच गेले. तिने बाजूची टोपी काढली आणि स्क्रू परत फिरवू लागली, अगदी हलक्या हाताने, श्वास रोखून.

टिक. टिक. टिक.

खुर्चीतल्या म्हाताऱ्याची मान वळली. डोळे तिच्याकडे होते, तिच्या जरा बाजूला, नुसते. पण कानांवर तिनेच विकलेली ती यंत्रं होती, आणि तो आवाज त्याने उभ्या आयुष्यात लाखदा ऐकला होता.

तिचा हात थांबला. दोघंही हलली नाहीत. बाहेर लांबवर रेमू अजून रडत होता.

"किती?" ताउनोने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. त्यात तर ती तरबेज होती. तिने टोपी टेबलावर ठेवली.

"पूर्ण," ती म्हणाली. "अडेपर्यंत. डावीकडे. काल मी फिरवला, काका. तुमची गोळी कुणाला लागू नये म्हणून."

म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. टेकडी, कातळ, दलदल, सगळं तो मनातल्या मनात पुन्हा मांडून बघत असावा. मग त्याचा चेहरा एकदम सैल झाला, आणि त्या चेहऱ्यावर जे आलं ते तुइयाला बघवेना, कारण त्यात सुटका होती.

"मग तो मूसच होता," तो म्हणाला. त्याने कानांवरची यंत्रं काढून मांडीवर ठेवली, आणि दोघं पोलिसांची वाट बघत बसली.